एक संध्याकाळ सुधीर कक्करांसाठी: बडोद्यातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या आणि व्याख्यानमालांच्या कार्यकारिणींतील सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या व्याख्यानमालेसाठी विषय सुचवा असं आवाहन आपल्यापैकी एका मंडळानं केलं होतं. मी एक विषय सुचवला. मनोविश्लेषक (मनात दडलेलं रुग्णाच्या बोलण्यातून उलगडायची फ्रॉइडची पद्धत वापरणारे) सुधीर कक्कर यांचं आयुष्य, आणि आपले संत, गुरू, मांत्रिक, दर्गे, देवळं यांच्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर. बैठकीत विषयावर दोन्हीकडून कुऱ्हाड पडली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फ्रॉइडची मंडळी संतांबद्दल काय बोलतात ते ठाऊक आहे. समोर लेकीसुना बसलेल्या असतात." दुसरे सभासद अंधश्रद्धेविरुद्ध उभं आयुष्य वेचलेले. ते म्हणाले, "अंगात येण्याला समजून घ्या म्हणणाऱ्याला व्यासपीठ दिलं की बुवांचं फावतं." या दोघांचं एरवी चहात साखर किती यावरही एकमत होत नाही. त्या दिवशी झालं. विषय बारगळला आणि त्या जागी 'तणावमुक्तीसाठी अध्यात्म' आलं, जे गेल्या वर्षीही होतं.

म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे, एकाच मंडळाला नव्हे, सगळ्यांना. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. पण दोन्ही आक्षेप कक्करांचं एक पानही न उलटता घेतलेले आहेत असं मला वाटतं.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म १९३८चा, नैनितालचा. पंजाबी कुटुंब, वडील सरकारी अधिकारी. मुलानं इंजिनिअर व्हावं ही त्या काळची रीत, म्हणून तो आपल्या शेजारी अहमदाबादेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला. मावशी कमला चौधरी अहमदाबादेतच होत्या, आयआयएमच्या उभारणीतल्या पहिल्या प्राध्यापकांपैकी. पुढे जर्मनीत मानहाइमला व्यवसाय-अर्थशास्त्र, व्हिएन्नात अर्थशास्त्राची डॉक्टरेट. ही कहाणी आपल्याकडच्या कुठल्याही हुशार मुलाला शोभेल अशी. वळण आलं ते १९६४ मध्ये, अहमदाबादेतच. एरिक एरिक्सन हे नावाजलेले मनोविश्लेषक १९१८च्या गिरणी संपातल्या गांधीजींचा अभ्यास करायला तिथे आले होते. कक्करांची त्यांच्याशी गाठ पडली आणि त्या तरुणानं ठरवलं की आपल्याला हेच करायचं आहे. पंचविशी ओलांडलेल्या मुलानं इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र दोन्ही बाजूला सारून मनाचा धंदा धरायचा, ही गोष्ट घरच्यांना कशी वाटली असेल याची कल्पना बडोद्यातल्या कुठल्याही आईबापाला करता येईल.

एरिक्सननी त्यांना हार्वर्डला साहाय्यक म्हणून नेलं. नंतर फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉइड इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर शिक्षण झालं, आणि १९७५ पासून दिल्लीत त्यांनी रुग्ण पाहायला सुरुवात केली. पंचवीस वर्षं पाहिले. उत्तरायुष्यात ते गोव्यात राहिले. एप्रिल २०२४ मध्ये ते गेले तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी रकाने भरले. आपल्याकडच्या गप्पांत मात्र त्यांचं नाव निघाल्याचं मला आठवत नाही.

आता दुसऱ्या सभासदांचा आक्षेप आधी घेते, कारण तो मला अधिक जवळचा आहे.

दिल्लीच्या दवाखान्यात बसून कक्करांच्या लक्षात आलं की आपल्याकडे येण्याआधी माणूस चार ठिकाणी जाऊन आलेला असतो: वैद्य, पीर, ज्योतिषी, अंगात येणारी बाई. मग ते स्वतःच तिकडे गेले. दिल्लीतल्या एका दर्ग्यातल्या पिराजवळ बसले, आदिवासी भगताला भेटले, तिबेटी लामांकडे गेले, आणि राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीला मुक्काम केला. १९८२ साली आलेलं त्यांचं पुस्तक या भटकंतीतून झालं. मेहंदीपूरचं नाव आपल्याकडे कमी माहीत असेल, पण गाणगापूर माहीत नसलेलं मराठी घर बडोद्यात सापडणार नाही. भर दुपारच्या आरतीला देवळाच्या खांबांवर चढणारी, किंचाळणारी, केस मोकळे सोडून घुमणारी माणसं आपण तिथे पाहिली आहेत. मुलांचे डोळे झाकून पुढे सरकलोही आहोत. मेहंदीपूरला तेच, फक्त शब्द कोर्टाचे. आधी अर्जी लावायची, मग पेशी होते, भुताला बालाजीसमोर हजर करतात, ते कबुली देतं, आणि सगळं सुरळीत झालं तर तेच भूत दूत होऊन त्या माणसाची राखण करतं.

कक्करांनी तिथे बसून भूत आहे की नाही हा वादच घातला नाही. त्यांनी विचारलं, भूत बोलतं काय? आणि ते कोणाच्या तोंडून बोलतं? बहुतेक वेळा तरुण सुनेच्या तोंडून. ती बोलते ते राग आणि इच्छा, ज्यांना घरात एरवी जागा नसते. आमच्या पोळेत, म्हणजे गल्लीत, माझ्या लहानपणी एक सून पौर्णिमेच्या आरतीला घुमायची. एरवी पदर डोक्यावरून न ढळणारी ती बाई अंगात आलं की सासूला 'तू' म्हणायची, पाणी आण म्हणायची, आणि सासू हात जोडून पाणी आणायची. बाकीचे तिला वेड लागलं म्हणत किंवा नाटक करते म्हणत. दोन्ही म्हणणं सोपं होतं, कारण दोन्हींत सासूला काही बदलावं लागत नव्हतं.

दुसऱ्या सभासदांना मी इतकंच विचारते: यात बुवाचं कुठे फावलं? उलट बुवाच्या हातातलं भूत काढून घेऊन ते घराच्या मधोमध ठेवलं की मग घरानंच त्याच्याकडे बघायला हवं. आणखी एक गोष्ट. मेहंदीपूरला त्यांनी ज्या २८ जणांशी सविस्तर बोलणं केलं, त्यांतल्या १५ जणांना झपाटणारं भूत मुसलमान निघालं. हिंदू घरातली, हिंदू देवासमोर आलेली माणसं, आणि त्यांच्या आतला सगळ्यात घाणेरडा, सगळ्यात हावरा भाग मुसलमान नाव घेऊन बोलतो. १९९०च्या हैदराबाद दंगलीवर पुढे त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्याचं बीज मला इथेच दिसतं. आपल्या शहराला हा विषय परका नाही. जुन्या शहरात मांडवीच्या चारी बाजूंना राहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

देवळातल्या उपचारांचा हा माणूस गौरव करत होता असंही नाही. तमिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी मनोरुग्णांच्या एका निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण गेले. ते विसरून देवस्थानांबद्दल बोलायचा कोणालाच अधिकार नाही. पण त्यावर आपल्याच गुजरातेत शोधलेला उपाय बघा. मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' म्हणून काम उभं राहिलं. मुजावर धागा बांधतो, दुआ देतो आणि त्याच आवारात बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. रुग्ण दर्गा सोडत नाही, गोळ्याही सोडत नाही. विवेकवादी मंडळींनी याला तडजोड म्हणावं, माझी हरकत नाही. ज्या आईच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे तिला ही तडजोड विचारून पाहा.

आता ज्येष्ठ सभासदांकडे येते.

फ्रॉइडला धर्माचं वावडं होतं, हे खरं. रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकानं १९२७च्या डिसेंबरात त्यांना लिहिलं की धर्माच्या मुळाशी एक समुद्रासारखी अमर्याद अनुभूती असते, तिचा विचार करा. फ्रॉइडनं १९३० मध्ये छापील उत्तर दिलं: मला स्वतःमध्ये ती सापडत नाही. आणि मग ती अनुभूती म्हणजे तान्ह्या मुलाची, आई आणि आपण वेगळे आहोत हे कळण्याआधीची अवस्था, असा निकाल लावून टाकला. रोलाँ त्याच सुमारास रामकृष्ण परमहंसांचं चरित्र लिहीत होते. गंमत म्हणजे कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस, ज्यांनी १९२२ मध्ये आपल्या देशातली पहिली मनोविश्लेषण संस्था काढली, ते फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रानं वाद घालत होते. संस्थेनं फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला हस्तिदंती विष्णू पाठवला, आणि देव न मानणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं तो टेबलावर ठेवला.

कक्कर बरोब्बर इथे फ्रॉइडपासून वेगळे होतात. रामकृष्णांवर त्यांनी १९९१ मध्ये लिहिलं. रामकृष्णांचं बेशुद्ध पडणं, बाईचा वेश घेऊन राहणं, काली दिसावी म्हणून जीव द्यायला निघणं, यावर आजाराचं लेबल लावून पुढे जाणं मनोविश्लेषकाला सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही. जे वियोगाचं दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं, ते आपण विसरतो, दाबतो, किंवा त्यावर पांघरूण घालतो. गूढवादी माणूस ते उघडं ठेवतो आणि त्यातून काही घडवतो, जसं कलावंत घडवतो. असा साधारण त्यांचा सूर आहे. संतांचा अपमान शोधायला बसलेल्याला तिथे काही मिळणार नाही. लेकीसुनांनी ऐकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. आपल्या शहरातल्या मुली रात्री दोन वाजता मोबाइलवर जे वाचतात त्यापेक्षा कितीतरी सभ्य.

आणि हा विषय बडोद्याचा नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दांडिया बाजारातल्या अरविंद निवासावरून जाताना थोडं थांबावं.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत, पुढे कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत. हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. कमी सांगतो ते पुढचं. १९०७ची सुरत काँग्रेस फुटल्यावर ते बडोद्याला आले आणि १९०८च्या जानेवारीत, खासेराव जाधव या मित्राच्या घरी, विष्णू भास्कर लेले या मराठी गृहस्थाशी त्यांची भेट झाली. लेले साधे नोकरदार आणि भक्त. सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या माडीवरच्या खोलीत दोघं बसले. लेल्यांनी सांगितलं ते असं: विचार करू नका, मनाकडे बघत राहा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, आत शिरण्याआधी त्यांना परतवा. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झालं असं अरविंदांनी नंतर लिहिलं. तिथून ते मुंबईला गेले आणि त्या निःशब्द मनानं भर सभेत भाषण केलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये साल्झबर्गला मनोविश्लेषकांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. फ्रॉइड तिथे एकाच रुग्णावर तासन्‌तास बोलले. त्यांचा नियम लेल्यांच्या नेमका उलट: मनात येईल तो एकेक विचार, लाज वाटली तरी, क्षुल्लक वाटला तरी, बोलून टाका, एकालाही परतवू नका. तीन महिन्यांच्या अंतरानं एका वाड्याच्या माडीवर आणि एका युरोपीय गावात माणसाच्या मनाशी करायचे हे दोन प्रयोग चालले होते, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. कक्करांचं आयुष्य या दोन खोल्यांच्या मधल्या जिन्यावर गेलं, असं मी म्हणेन.

अरविंदांना मनोविश्लेषण मुळीच आवडत नसे, हेही सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी सभेत उठून सांगेलच. कमळाचं रहस्य ते उगवतं त्या चिखलाचं पृथक्करण करून कळत नाही, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे. वाक्य देखणं आहे. पण चिखलात पाय अडकलेल्या माणसाला कमळाचं वर्णन ऐकवून काय उपयोग, हा प्रश्न मला पडतो, आणि दिल्लीतल्या पंचवीस वर्षांत कक्करांसमोर येऊन बसलेले लोक बहुधा चिखलातलेच होते.

लेल्यांबद्दल अरविंदांनी पुढे जे लिहिलं ते अधिक बोलकं आहे. बुद्धीत, शिक्षणात, कुवतीत हा माणूस आपल्यापेक्षा फार कमी आहे हे आपल्याला माहीत होतं, पण त्याच्यामागे उभी असलेली शक्ती दिसली म्हणून आपण स्वतःला त्याच्या हाती सोपवलं, असं त्यांचं म्हणणं. गुरूबद्दल कक्करांनी जे लिहिलं आहे त्याच्याशी हे ताडून पाहा. गुरूची ताकद बरीचशी शिष्याच्या ओढीतून येते. आपल्या समाजात कोणीतरी आपल्याला आईबापासारखं आतून-बाहेरून जाणावं, हात धरून न्यावं, ही भूक मोठी आहे. ती भूक औषधासारखी कामी येते. म्हणूनच तर भारतीय रुग्ण डॉक्टरकडूनही गुरूची अपेक्षा करतो, फी देऊन उठून जावं असं त्याला वाटत नाही, बोलणं संपल्यावर तो नमस्काराला वाकतो. आणि तीच भूक समोरच्या माणसाला नासवतेही. कक्करांनी माताजी निर्मलादेवींवर एक प्रकरण लिहिलं. निर्मलादेवी छिंदवाड्याच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. सहजयोग या त्यांच्या ध्यानपंथाची कथा सुरू होते ती आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यावर, नारगोळला, १९७० मध्ये. त्या प्रकरणात कुचेष्टा नाही आणि लोटांगणही नाही. हाताच्या तळव्यांवर थंड वारा जाणवणाऱ्या माणसांना खरोखर काय मिळत होतं, हे त्यात शांतपणे पाहिलं आहे. गेल्या काही वर्षांत तुरुंगात गेलेल्या बापूंचे फोटो ज्यांच्या देवघरातून अजून निघालेले नाहीत, अशा घरांत ही चर्चा व्हायला हवी. अशी घरं आपल्या सभासद-यादीतही असतील.

कक्करांचं सगळं मला पटतं असं समजू नका. त्यांच्या लिखाणात 'भारतीय' म्हणजे पुष्कळदा उत्तरेतला, उच्चवर्णीय, शहरी हिंदू. जात हा आपल्या मनाच्या घडणीतला केवढा मोठा दगड, पण तो त्यांच्याकडे बाजूला पडलेला दिसतो. दलित आईच्या मांडीवरचं मूल त्यांच्या सिद्धान्तात कुठे बसतं ते मला अजून सापडलेलं नाही. शिवाय मनोविश्लेषण म्हणजे आठवड्यातून चार-चार तास, वर्षानुवर्षं, तेही पैसे मोजून. रावपुऱ्यातल्या दुकानात दहा तास उभं राहणाऱ्या माणसाला ते कसं परवडावं? हे प्रश्न वक्त्याला विचारा. विचारता यावेत म्हणूनच तर वक्ता बोलवायचा.

आणि मराठीत करण्यासारखं काम पडलेलं आहे ते वेगळंच. बहिणाबाई शिऊरकरांचं आत्मनिवेदन घ्या. सतराव्या शतकातली बाई, तीन वर्षांची असताना तिशीतल्या माणसाशी लग्न, कोल्हापुरात वासराचा लळा, ते वासरू गेल्यावर बेशुद्धी, त्यात तुकोबांचं दर्शन, आणि शूद्राला गुरू केलं म्हणून वेदपाठी नवऱ्याचा मार. सगळं तिनं स्वतः सांगितलेलं. कक्करांना बंगालीतून रामकृष्ण मिळाले, आपल्याकडे ही बाई तीनशे वर्षं बसून आहे आणि आपण तिच्यावर फक्त कीर्तनं करतो. कीर्तनंही कमीच करतो.

आता मागणी काय, ते.

या वर्षीच्या मालेतली एक संध्याकाळ द्या. शेवटची नको, त्या दिवशी सुगम संगीत असतं आणि लोक भाषण संपायची वाट बघतात. वक्ता मानसशास्त्र शिकवणारा किंवा रुग्ण पाहणारा असावा आणि त्यानं कक्कर वाचलेले असावेत, एवढीच अट. 'प्रेरणादायी वक्ते' नकोत. पहिल्या रांगेत नेहमीच्या पाहुण्यांऐवजी मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका बसवा, आणि आपल्या भजनी मंडळांतल्या, दत्तबावनी म्हणणाऱ्या बायकांना मुद्दाम बोलवा. नारेश्वर, गरुडेश्वर ही दत्तस्थानं करणारी ही मंडळी कोणत्या घरात काय चाललंय हे कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त जाणतात. देशातल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपलं सभागृह भरलं तर त्या हिशेबानं कितीजण आपल्यातच बसलेले असतील, हे कार्यकारिणीनं खुर्च्या मोजताना मनात धरावं.

प्रश्नोत्तरं चिठ्ठीवर, नावाशिवाय घ्या. हात वर करून 'माझ्या भावाला' असं कोणी विचारणार नाही. मराठी वक्ता गुजरातीतही बोलणारा मिळाला तर उत्तम, कारण आपल्या नातसुना आता गुजराती आहेत आणि त्यांना ऐकायचं असतं. आणि निमंत्रणपत्रिकेवर, जिथे आपण देणगीदारांची नावं छापतो, त्याच्या खाली १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक छापा. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

दोन्ही सभासदांनी या संध्याकाळी यावं, शेजारी बसावं आणि जोरात आक्षेप घ्यावेत, अशी माझी त्यांना वेगळी विनंती आहे. वक्त्याचा येण्याजाण्याचा खर्च मंडळाला जड होत असेल तर तो मी देईन. फक्त पत्रिकेवर माझं नाव नको. उत्तर बैठकीत न देता लेखी द्या, म्हणजे नकार असला तरी कारणासकट येईल.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका आणि आजीव सभासद
दांडिया बाजार, बडोदे